अल्पकालीन वैद्यकीय मोहीम (संघर्षग्रस्त देशांतील)

युद्धाने किंवा यादवीने ज्या देशाची आरोग्यव्यवस्था खिळखिळी झाली आहे, तेथे डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांनी काही दिवस ते काही आठवडे जाऊन विनावेतन रुग्णसेवा करण्याची पद्धत. सैन्याबरोबर जाणारी वैद्यकीय तुकडी यात मोडत नाही. कोरियात १९५० ते १९५४ या काळात गेलेली भारताची ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही लष्करी तुकडी होती. प्रस्तुत नोंद ग्वाल्हेरच्या मराठी वैद्यकवर्गाला समोर ठेवून लिहिली आहे.

दूरदेशीच्या युद्धातल्या जखमींशी ग्वाल्हेरचा संबंध जुना आहे. १९०० साली चीनमधील बॉक्सर युद्धाच्या वेळी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी जखमींसाठी रुग्णनौका दिली. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, त्यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज घेतले आणि त्याचीही रुग्णनौका झाली. नवे नाव ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर हेच जहाज सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून ब्रिटनला निघाले. राष्ट्रीय सागरी दिन आपण पाळतो तो या सफरीच्या स्मरणार्थ. पण त्या जहाजावर त्याआधी जखमी शिपायांवर उपचार होत होते, हे फारसे सांगितले जात नाही. अर्थात ही मदत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने दिलेली होती. स्वेच्छेने गेलेल्या डॉक्टरांचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाठवलेले पाच जणांचे पथक. डॉ. अटल त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यात होते. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले.

आज ग्वाल्हेरहून जाऊ पाहणारे बहुतेक जण गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले किंवा जयारोग्य रुग्णालयात उमेदवारी केलेले असतात. भिंड-मुरैन्याकडून गोळी लागलेले रुग्ण या रुग्णालयात येत असल्यामुळे इथल्या सर्जनचा हात बसलेला असतो. तरीही गावठी कट्ट्याची गोळी आणि लष्करी रायफलची गोळी यांत मोठा फरक आहे. वेगवान गोळी आपल्या वाटेच्या आजूबाजूचे स्नायूही मारते, बाहेरून मात्र लहानसे छिद्र दिसते. सुरुंगाचा स्फोट तर माती, कपड्याच्या चिंध्या आणि बुटाचे तुकडे मांसात खोलवर ठोकतो. अशी जखम साफ करून लगेच टाके घातले की आत गॅस गँगरीन (स्नायू झपाट्याने सडवणारा जंतुसंसर्ग) किंवा धनुर्वात वाढायला मोकळीक मिळते. म्हणून युद्धशल्यक्रियेचा नियम असा: मेलेला स्नायू कापून काढायचा, जखम उघडीच ठेवायची, जाड कोरडे ड्रेसिंग बांधायचे आणि संसर्गाची लक्षणे नसतील तर ते वॉर्डात रोज उघडून पाहायचे नाही. चार-पाच दिवसांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन, भूल देऊन ते सोडायचे आणि खालचे मांस लालसर, स्वच्छ असेल तरच टाके घालायचे. चेहरा, छाती अशा मोजक्या ठिकाणी याला अपवाद आहेत. रोज ड्रेसिंग बदलण्याची सवय लागलेल्या निवासी डॉक्टरला हे हात बांधून बसणे फार जड जाते.

मोहिमेचा खरा प्रश्न इथेच उभा राहतो. आठ दिवसांसाठी गेलेल्या पथकाने सहाव्या दिवशी उघडी ठेवलेली जखम शिवणार कोण? मोडलेल्या हाडाला बाहेरून लावलेला फिक्सेटर (हाडात पिना घालून ते जागेवर धरणारी चौकट) कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने ठेवावा लागतो. त्याच्या पिनांची निगा कोण राखणार? परतल्यावर किती शस्त्रक्रिया केल्या ते सांगितले जाते, पण त्या रुग्णांचे पुढे काय झाले ते ठाऊक नसेल तर त्या आकड्याला काहीच वजन नाही, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे. स्थानिक सर्जन आणि परिचारिका पहिल्या दिवसापासून टेबलाजवळ हव्यात, आणि रुग्णाचा कागद त्यांना वाचता येईल अशा भाषेत हवा. शेवटचे दोन-तीन दिवस नवी मोठी शस्त्रक्रिया घेऊ नये. थोड्या मुदतीत नीट पूर्ण होणारी कामे आहेतच. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहाय्यता समितीने अफगाणिस्तान, सीरिया अशा देशांत कृत्रिम पाय बसवण्याची शिबिरे घेतली, ती यशस्वी झाली याचे एक कारण म्हणजे रुग्ण त्याच शिबिरातून चालत घरी जाऊ शकतो.

परवानग्यांकडे बहुधा शेवटी लक्ष जाते आणि तिथेच सगळे अडते. मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलची नोंदणी परदेशात चालत नाही. त्या देशाच्या आरोग्य खात्याची तात्पुरती मुभा लागते आणि त्यासाठी येथून गुड स्टँडिंगचे, म्हणजे नोंदणी निर्वेध असल्याचे, प्रमाणपत्र न्यावे लागते. सरकारी नोकरीत असल्यास रजा आणि एनओसी वेगळी. येमेनला तर २०१७ पासून भारतीय पासपोर्टवर सरकारच्या खास परवानगीशिवाय जाताच येत नाही. नेहमीच्या प्रवास विम्यात युद्धातील इजा सहसा धरलेली नसते. औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे की दान दिलेल्या औषधाची पोहोचतेवेळी निदान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. कंपन्यांच्या प्रतिनिधींनी दवाखान्यात ठेवलेली सँपल्स पिशवीत भरून नेणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे. केटामाइन (भुलीचे औषध) आणि मॉर्फिन (तीव्र वेदनाशामक) यांच्या निर्यातीला केंद्र सरकारच्या नार्कोटिक्स कमिशनरची मंजुरी हवी. त्यांचे मुख्यालय मुरारला म्हणजे ग्वाल्हेरातच आहे, तरी अर्ज वेळेत करावा लागतो. ऑक्सिजनचा भरवसा नसलेल्या ठिकाणी केटामाइनवाचून भूल देणे अवघड, म्हणून हा कागद सर्वांत आधी हाती घ्यावा.

जिनीव्हा करारांनी रुग्णालयांना संरक्षण दिले आहे, पण ते कागदावर विसंबण्याइतके पक्के नाही. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदूझ येथील ‘मेदसां सां फ्राँतिएर’ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला. ४२ माणसे मेली. पुढच्या वर्षी सुरक्षा परिषदेने वैद्यकीय सेवेच्या संरक्षणासाठी २२८६ क्रमांकाचा ठराव केला. हल्ले थांबलेले नाहीत. आपल्याकडे डॉक्टरांच्या गाडीवर सर्रास दिसणारा लाल क्रॉस हे संरक्षणचिन्ह आहे. १९६० च्या जिनीव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टनुसार तो परवानगीशिवाय वापरता येत नाही. ग्वाल्हेरात पोलीस त्याकडे कानाडोळा करतील, संघर्षक्षेत्रात मात्र अशा गैरवापराने खऱ्या रुग्णवाहिकेवरचा विश्वास उडतो.

भाषेची अडचण देशागणिक बदलते. अफगाणिस्तानात हिंदी-उर्दू समजणारे अनेक भेटतात, सुदानमध्ये अरबीवाचून चालत नाही. स्त्रीरुग्णांसाठी स्त्री दुभाषी मिळवावी. रुग्णाच्या लहान मुलाला दुभाष्या करू नये, कारण आईचा पाय कापावा लागणार हे त्याच्या तोंडून वदवून घेणे क्रूरपणाचे आहे.

सुदान, काँगो यांसारख्या पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) देशात जाणाऱ्याने लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाते. युद्धातील जखमांत औषधांना दाद न देणारे जंतू वारंवार सापडतात, म्हणून परतल्यावर आयसीयूत पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या रुग्णालयाच्या संसर्ग-नियंत्रण समितीला कळवावे. नंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर कुठून आलो ते डॉक्टरला आधी सांगावे, कारण आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार, उशीर खपवून घेत नाही.