भिंतीला ओल आली: गळती की घाम?

भाड्याच्या घरात भिंतीला ओल आली की मालक म्हणतो, "तुम्ही खिडक्याच उघडत नाही." भाडेकरू म्हणतो, "वरून गळतंय." मग रंगारी येतो, डाग झाकला जातो आणि काही महिन्यांत पुन्हा वर येतो, कारण मूळ कोणी शोधलेलेच नसते. गळती म्हणजे भिंतीच्या आतून किंवा पलीकडून आलेले पाणी. घाम म्हणजे खोलीतल्याच हवेतली वाफ गार भिंतीवर पाणी होऊन बसणे. गळतीला प्लंबर किंवा गवंडी लागतो आणि तो खर्च बहुधा मालकाचा. घामाला हवा खेळती लागते.

आधी डाग नीट पाहा. गळतीच्या डागाला कडा असते, पिवळट-तपकिरी. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, गिलावा बोटाने ठोकला तर पोकळ वाजतो. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी भुकटी सुटली असेल, तर पाणी भिंतीतून आले हे जवळपास नक्की. विटा-सिमेंटमधले क्षार त्या पाण्यात विरघळतात. पृष्ठभागावर आल्यावर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. घामाला ना कडा, ना लोणा. तिथे काळ्या बुरशीचे ठिपके उठतात, तेही ठरावीक जागी: बाहेरच्या भिंतीचे कोपरे, खिडकीच्या कडा, भिंतीला टेकवलेल्या कपाटाची मागची बाजू. खोलीत २५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १९ अंशांहून गार जागेवर पाणी सुटते. बुरशीला तर तेवढेही गार लागत नाही.

डोळ्यांनी ठरत नसेल तर फॉइल लावून बघा. डागाची जागा पुसून पंख्याने वरवर सुकवा. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. हवा शिरेल अशी एकही फट राहू देऊ नका, नाहीतर निकाल फसवा येतो. २४ ते ४८ तासांनी बघा. खोलीकडच्या बाजूवर थेंब असतील तर घाम, भिंतीकडची बाजू ओली असेल तर आतली ओल.

आतली ओल निघाली की पाणी कुठले ते शोधायचे. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा, तासाभराने पुन्हा बघा. कोणी पाणी वापरलेले नसताना आकडा सरकला तर मीटरनंतरची दाबाची पाइपलाइन बहुधा कुठेतरी गळते आहे. आकडा हलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सांडपाण्याची गळती मीटरवर दिसतच नाही. फरशीतून पाणी झिरपते का हे बघायला वरच्या न्हाणीघराची जाळी बंद करून फरशीवर २ सेंटिमीटर रंगीत पाणी २४ तास साठवतात. खाली रंग उतरला तर फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. फक्त पावसानंतर डाग वाढत असेल तर बाहेरच्या भेगा आणि गच्ची आधी तपासा.

ओल मोजणाऱ्या दोन टोकांच्या यंत्रावर मात्र एकट्यावर भरवसा ठेवू नये. ते विजेचा रोध मोजते, आणि क्षार वीज वाहून नेतात. त्यामुळे लोणा लागलेली सुकी भिंतही ओली दाखवते.

घाम निघाला म्हणजे दोष भाडेकरूचा, हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. कपडे खोलीत वाळवणे, अंघोळीनंतर दार उघडे टाकणे, कपाट भिंतीला चिकटवणे हे भाडेकरूने टाळायचे. कपाटामागे ५ ते १० सेंटिमीटर जागा सोडावी. पण न्हाणीघराला खिडकीच नसेल, एक्झॉस्ट फॅन बंद पडला असेल किंवा खिडकीची कडी गंजून अडकली असेल, तर वाफ जाणार कुठून? ती दुरुस्ती मालकाकडेच मागायला हवी. शिवाय दोन्ही एकत्रही असतात: गळतीने भिजलेली भिंत जास्त गार राहते आणि तिच्यावर घामही जास्त सुटतो. अशा वेळी आधी गळती थांबवा.

मालकाला लेखी कळवा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि दर आठवड्याला नवी रेघ मारा. फॉइल आणि मीटरचा निकाल, पाऊस होता की नव्हता, कारागिराला कधी येता येईल, हेही लिहा. रागाच्या भरात भाडे थांबवू नका. भाड्यातून खर्च वळता करण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. आधी स्थानिक कायदा आणि करार वाचा. ओल स्विचबोर्डपाशी असेल तर वाट पाहू नका: त्या भागाची वीज मेन स्विचवरून बंद करा, ओल्या बोर्डाला हात लावू नका आणि इलेक्ट्रिशियनसाठी लगेच फोन करा.

गळती बंद झाली तरी गिलावा सुकायला कित्येक आठवडे जातात. घाईने वॉटरप्रूफ रंग मारला तर आत अडकलेले पाणी तोच रंग उचलून टाकते. म्हणून दुरुस्तीनंतर फॉइल पुन्हा लावा आणि भिंतीकडची बाजू कोरडी निघेपर्यंत रंगाऱ्याला थांबवा.