कार्लाइल इंडियन्स : १९१२ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलच्या संघाने १९१२ च्या शरद ऋतूत खेळलेल्या १४ सामन्यांचा हंगाम. १२ विजय, १ पराभव, १ बरोबरी. केलेले गुण ५०४, दिलेले ११४. येथील ‘फुटबॉल’ म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे, तर चेंडू हातात घेऊन धावण्याचा, रग्बीतून निघालेला अमेरिकी प्रकार. दुसरे असे, की कार्लाइल हे खऱ्या अर्थाने महाविद्यालय नव्हतेच. लष्करी अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट याने १८७९ मध्ये जुन्या लष्करी बराकींत ही निवासी शाळा काढली. मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांचे केस कापायचे, नावे बदलायची, मातृभाषा बोलू द्यायची नाही आणि त्यांना ‘सुधारायचे’, हा तिचा उघड हेतू होता. तरीही तिचा संघ नामवंत विद्यापीठांशी खेळे आणि त्यांना हरवी. १९११ मध्ये हार्वर्डला त्याने १८–१५ असे नमवले होते.

हा हंगाम समजून घ्यायचा तर त्या वर्षीचे नियम आधी पाहावे लागतात. १९०५ मध्ये मैदानावरील मृत्यूंवरून गदारोळ झाल्यावर १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. पण त्यावर बंधने होती. १९१२ मध्ये पासच्या अंतरावरील २० यार्डांची मर्यादा उठली, दहा यार्ड पुढे जाण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे, पाचाऐवजी सहा गुण झाले आणि मैदान १०० यार्डांचे झाले. धिप्पाड खेळाडूंच्या रेटारेटीवर चालणाऱ्या खेळात चपळाईला वाव मिळाला. कार्लाइलची मुले बहुधा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वजनाने हलकी असत. प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर याची सारी भिस्त वेगावर, हुलकावणीवर आणि नव्या रचनांवर होती. नियम जणू त्याच्याच सोयीचे झाले.

२१ सप्टेंबरला ऑलब्राइटविरुद्ध ५०–७ असा आरंभ झाला. पहिल्या पंधरवड्यातच पाच सामने उरकले. त्यांतील पाचवा, वॉशिंग्टन अँड जेफरसनविरुद्धचा, गुणाविना बरोबरीत सुटला. आदल्या वर्षी कार्लाइलला हरवणाऱ्या सिरॅक्यूजचा ३३–० असा हिशेब चुकता झाला. जॉर्जटाउनला ३४–२० असे हरवून दोनच दिवसांनी संघ टोरोंटोत उतरला आणि तेथील संघालाही त्याने ४९–१ असे लोळवले.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीशी गाठ पडली. वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने केलेल्या मूळ अमेरिकी लोकांच्या हत्याकांडाला तेव्हा २२ वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे सैन्याचे भावी अधिकारी समोर असणे ही या मुलांसाठी साधी गोष्ट नव्हती. मध्यंतराला कार्लाइल ७–६ असे एका गुणाने पुढे होते. नंतर मात्र लष्कराला एकही गुण मिळाला नाही. त्यांचा कप्तान लेलँड डेव्होर याला कार्लाइलचा खेळाडू जो गायन याच्यावर धसमुसळेपणाने धावून गेल्याबद्दल बाहेर काढण्यात आले आणि सामना २७–६ असा संपला.

या सामन्याची कीर्ती जिम थॉर्पच्या नावावर जमा आहे. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमधून पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) व डेकॅथलॉनची (दहा प्रकारांची) सुवर्णपदके घेऊन आला होता. पण त्या दिवशी त्याच्या खात्यात एकही टचडाउन नाही. त्याची एक लांब धाव दंडामुळे रद्द झाली. टचडाउन केले ते ॲलेक्स आर्कासाने तीन व जो बर्गीने एक. थॉर्पने वाट मोकळी केली, बचाव आपल्याकडे खेचला. हे दंतकथेइतके रंगतदार नसले तरी खेळ म्हणून अधिक मोलाचे आहे. लष्कराच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले, खेळत होते. थॉर्पला अडवताना त्यांचा गुडघा दुखावला असे सांगतात. त्यांची फुटबॉल कारकीर्द संपली ती मात्र पुढच्या आठवड्यात, टफ्ट्सविरुद्ध.

त्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरवले. हंगामातला हा एकमेव पराभव. नंतर स्प्रिंगफिल्डविरुद्ध ३०–२४ च्या विजयात सर्व ३० गुण एकट्या थॉर्पचे होते, तर ब्राउनविरुद्धचा अखेरचा सामना ३२–० असा जिंकला. थॉर्पचे हंगामातील २५ टचडाउन व १९८ गुण साधारणपणे मानले जातात, पण या आकड्यांवर एकमत नाही.

जानेवारी १९१३ मध्ये थॉर्पने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे उघड झाले आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने त्याची पदके काढून घेण्यात आली. पदकांच्या प्रतिकृती १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, वारसांना मिळाल्या. एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळायला २०२२ उजाडले. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने शाळेची चौकशी केली, तिला निमित्त झाले विद्यार्थ्यांचे निवेदन. त्यात पुढाकार होता १९१२ च्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, गस वेल्श याचा, आणि फुटबॉलच्या पैशांवर वॉर्नरचा ताबा हाही चौकशीचा विषय होता. वॉर्नर १९१५ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात गेला. १९१८ मध्ये शाळा बंद पडली आणि बराकी पुन्हा लष्कराकडे गेल्या. आज तेथे अमेरिकी सैन्याचे वॉर कॉलेज आहे. शाळेत असताना मरण पावलेल्या मुलांची दफनभूमीही त्याच आवारात आहे.