रात्री झोपेत मण्यार चावला तर
आमच्या रुग्णवाहिका सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घोणस किंवा फुरसे चावले की आग होते, सूज चढते आणि घरात लगेच धावपळ सुरू होते. मण्यार चावल्यावर बहुधा यातले काहीच होत नाही, म्हणून आम्हाला त्याची जास्त धास्ती वाटते. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावतो. दात इतके बारीक की खूण सापडेलच असे नाही. कित्येकांना जागही येत नाही.

पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो. घरचे अपचन समजून ओवा नाहीतर सोडा देतात आणि त्यात तास-दोन तास निघून जातात. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला, त्यातही लहान मुलाला, पहाटे अचानक असा त्रास सुरू झाला तर खूण शोधत बसू नका. सर्पदंश असू शकतो असे धरूनच निघा.

गाडीत आमचा माणूस रुग्णाला डोके न हलवता वर बघायला सांगतो. पापण्या वर जात नसतील तर विष चढते आहे. दुसरी परीक्षा म्हणजे एका श्वासात मोठ्याने आकडे मोजणे. आधी वीसपर्यंत गेलेला माणूस थोड्या वेळाने बारावर थांबला, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत. गाडी येईपर्यंत हे तुम्हीही पाहू शकता. श्वास अपुरा पडू लागला तर फोनवर लगेच सांगा.

मण्यारचे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते. एकदा ती इजा झाली की प्रतिविषाने, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाने, ती भरून येत नाही. टोके पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात आणि तोवर व्हेंटिलेटरवर श्वास द्यावा लागतो. म्हणून प्रतिविषाचा पहिला डोस लवकर, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात घ्यावा आणि तिथे व्हेंटिलेटर नसेल तर पुढे हलवावे. मुलालाही डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने सोडलेले विष वय पाहून कमी होत नाही. डॉक्टर मुलाला ८-१० कुप्या लावत असतील तर घाबरू नका.

डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, म्हणून माणूस गेला असे कोणीही ठरवू नये. त्याला सगळे ऐकू येत असू शकते. श्वास चालू ठेवला तर अशी माणसे बरी होऊन चालत घरी जातात.

दोरी आवळू नका, जखम चिरू नका, चोखू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, तोंडात पाणीही घालू नका. साप मारून आणायची गरज नाही. मांत्रिकाकडे जाऊन मग आम्हाला बोलावणारी घरे अजून आहेत. त्यांना हात जोडून विनंती, आधी दवाखाना.

फोनवर त्रास कधी सुरू झाला, पापण्या कशा आहेत आणि गाडी कुठपर्यंत येईल, एवढे सांगा. आमची गाडी लांब असेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगू. मग वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा.

पावसाळाभर खाटेवर झोपा. ते जमत नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा.