आहारातील रसायने आणि स्वादुपिंडाचा कर्करोग (ग्रामीण विदर्भ)

स्वादुपिंड ही जठरामागे आडवी असलेली ग्रंथी पाचकरस आणि इन्शुलिन तयार करते. तिच्या नलिकांच्या अस्तरात होणारा कर्करोग भारतात विरळ (वर्षाला दर लाखामागे एक-दोन रुग्ण), पण अत्यंत घातक आहे. २०२० साली जगभरात त्याचे सुमारे ४ लाख ९६ हजार नवे रुग्ण आढळले आणि ४ लाख ६६ हजार रुग्ण दगावले. धूम्रपान, लठ्ठपणा, जुना मधुमेह, दीर्घकालीन स्वादुपिंडदाह आणि आनुवंशिकता ही जोखमीची मान्य कारणे. पोटात जाणाऱ्या रसायनांचा वाटा मात्र वादाचा आहे.

विदर्भातल्या खेड्यांत संशयाची सुई आधी फवारणीकडे वळते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून तर अधिकच. पण ती तीव्र विषबाधा होती. कर्करोगाचा प्रश्न वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जाणाऱ्या रसायनाचा आहे. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणावरून औषध लगेच किती विषारी आहे एवढेच कळते, कर्करोगाविषयी काही कळत नाही. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना येथील फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात (२००९) पेंडिमेथॅलिन हे तणनाशक सर्वाधिक वापरणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट दिसला. आपल्याकडे तेच तणनाशक सोयाबीन-कपाशीत पेरणीनंतर, उगवणीपूर्वी मारतात. मात्र त्या अभ्यासातले रुग्ण मोजकेच होते आणि धोका पंप पाठीवर घेणाऱ्याचा होता, ताटातली भाजी खाणाऱ्याचा नव्हे. भाजीतल्या अवशेषांवर थेट बोट ठेवावे इतका पुरावा नाही. तरीही काल फवारलेली वांगी आज आठवडी बाजारात नेणे समर्थनीय ठरत नाही: धुतल्याने वरचे औषध बरेचसे जाते, आत मुरलेले जात नाही.

कॅडमियम या विषारी जड धातूची गोष्ट संथ आहे. स्फुरदयुक्त खतांतून ते जमिनीत येते, भाताच्या दाण्यात आणि त्याहून जास्त तंबाखूच्या पानात साठते. शरीरातले निम्मे कॅडमियम बाहेर पडायला १० ते ३० वर्षे लागतात. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त आढळले. कार्यकारण मात्र सिद्ध झालेले नाही.

तळलेल्या पदार्थांत ॲक्रिलामाइड हे कर्करोगकारक असल्याचा संशय असलेले रसायन असते, हे २००२ साली स्वीडनमध्ये उघड झाले. स्वादुपिंडाच्या बाबतीत त्याचा संबंध एकत्रित अभ्यासांत दिसला नाही. निखाऱ्यावर करपवलेल्या मांसाबद्दल संशय आहे, पण सावजी मटण रश्श्यात शिजते. त्याच्यावरचे आक्षेप वेगळे.

सर्वांत पक्का पुरावा आहे तो ज्याला कुणी आहार म्हणत नाही त्याविरुद्ध. पानठेल्यावर तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत (प्लास्टिकच्या तुकड्यात) घालून घोटतात, तो खर्रा. तो गालात धरला तरी लाळेबरोबर रस गिळला जातोच, आणि त्यासोबत तंबाखूतली नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक रसायनेही. यांपैकी काहींनी उंदरांमध्ये स्वादुपिंडाच्या गाठी निर्माण झाल्या आहेत. धूररहित तंबाखूमुळे माणसात तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांचा कर्करोग होतो, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. खर्रा घोटणे थांबलेले नाही. तणनाशकाच्या अंशाला घाबरणारा माणूस दिवसातून चार पुड्या खातो, हे गडचिरोली-चंद्रपुरात नवलाचे नाही.

निदान उशिरा होण्याला स्थानिक कारणेही आहेत. गाठ ग्रंथीच्या डोक्याकडे असली तर पित्तनलिका दाबली जाऊन न दुखणारी कावीळ होते. लघवी गडद, शौच फिकट, अंगाला खाज. गावात कावीळ म्हटली की आधी माळ घालतात, झाडपाल्याचे औषध देतात, आणि आठवडे निघून जातात. चाळिशीनंतरची वेदनारहित कावीळ, विशेषतः वजन घटत असेल किंवा मधुमेह नव्याने निघाला असेल तर, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनची मागणी करते. निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेजोगे रुग्ण साधारण १५ ते २० टक्केच असतात.