धूळ मोजायची की तोलायची?

जानेवारीतल्या सकाळी ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसेनासा होतो आणि डब्यात कोणीतरी म्हणतं, "काय धुकं पडलंय!" शेजारचा म्हणतो, धुकं कसलं, धूर आहे. खरं तर दोघांचंही बरोबर असतं. हवेत कण नसतील तर धुकंही पडत नाही आणि ढगही होत नाही.

हे प्रथम ध्यानात आलं फ्रान्समध्ये कूलिए या रसायनशास्त्रज्ञाच्या. १८७५ मध्ये त्यांनी कापसातून गाळलेली हवा काचपात्रात घेतली, तर दमट असूनही तिच्यात धुकं धरेना. पाच वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांना तेच स्वतंत्रपणे आढळलं, आणि ते पुढे कण मोजायला लागले. प्रत्येक कणावर पाणी जमवून त्याचा थेंब करायचा, चौकटी आखलेल्या काचेवर तो पडू द्यायचा आणि भिंगातून मोजायचा! एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे घन किंवा द्रव कण, यांचा अभ्यास असा शिरगणतीने सुरू झाला.

सगळे कण मात्र सारखे वागत नाहीत. मिठाचा कण पाणी पटकन ओढतो. (हे मीठ खाडीकाठच्या मिठागरांतलं नव्हे. लाटांचे बुडबुडे फुटून समुद्रावरून उडणारं.) असे मोठे, खारे कण ढगात शिरले की थेंब लवकर मोठे होतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७० आणि ८० च्या दशकांत बारामती परिसरात विमानातून ढगांमध्ये मिठाची पूड टाकण्याचे प्रयोग केले, ते याच भरवशावर. म्हणजे आपल्याकडे या विषयाला ओढ होती ती पावसाची. प्रदूषणाची काळजी नंतर आली.

त्याच सुमारास ढगांचे अभ्यासक शॉन ट्वोमी यांनी उलटी बाजू मांडली. पाणी तेवढंच आणि कण बेसुमार असतील, तर ते पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटलं जातं. असा ढग जास्त पांढरा दिसतो, ऊन जास्त परतवतो. पण थेंब इतके लहान राहतात की एकमेकांत मिसळून जड होत नाहीत आणि पाऊस लांबू शकतो. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख थेंब लागतात, हे लक्षात घेतलं की अडचण कळते. हिंदी महासागरावरची हवा तपासणाऱ्या १९९९ च्या 'इंडोएक्स' मोहिमेत शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन, पॉल क्रुत्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हिवाळी वाऱ्यांबरोबर या महासागरावर गेलेला तपकिरी धुरकट थर आढळला. तो सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत होता. पुढे २००९ पासून पुण्याच्या संस्थेने ढग आणि पावसाच्या अभ्यासासाठीच्या 'कायपीक्स' मोहिमेत विमानं थेट ढगांत नेली आणि २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभी राहिली.

जमिनीवर मात्र कण मोजण्याऐवजी तोलणं रूढ झालं. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली आणि खाडी व पारसिक यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत धुराडी नि इमारती शेजारी झाल्या. दिवसा समुद्रावरचा वारा हवा डोंगराकडे ढकलतो, रात्री तो उलटतो, आणि हिवाळ्यात जमिनीलगत गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं की धूर तिथेच कोंडतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत नवी मुंबई होती. त्याच वर्षी पीएम २.५ ला, म्हणजे २.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आणि त्याहून बारीक कणांना, देशात पहिल्यांदा मर्यादा आली: २४ तासांसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते.

मायक्रोग्रॅम म्हणजे वजन. गाळणकागद आधी तोलायचा, हवा ओढून झाल्यावर पुन्हा तोलायचा, हीच मूळ पद्धत. तिच्यात एक गोम आहे. घनता सारखी धरली, तर २.५ मायक्रॉनचा एक कण ०.१ मायक्रॉनच्या १५,६२५ कणांइतका भरतो. खडी केंद्राची धूळ काट्यावर चटकन दिसते, डिझेलचा ताजा धूर त्यामानाने हलका भरतो. ढगाला मात्र संख्येने फरक पडतो, आणि हे बारीक कण फुप्फुसांतही खोलवर उतरतात. २०२१ च्या त्याच मार्गदर्शिकेत संघटनेने अतिसूक्ष्म, म्हणजे ०.१ मायक्रॉन आणि त्याहून लहान, कणांसाठी मर्यादा घातली नाही, पण ते मोजा असं सांगितलं, आणि २४ तासांच्या सरासरीने घनसेंटिमीटरला १०,००० च्या वर कण असतील तर ते जास्त समजावेत असंही म्हटलं. २००९ च्या आपल्या मानकांमध्ये बारा प्रदूषक आहेत. त्यांतल्या एकासाठीही कणांची संख्या विचारलेली नाही.