लॉराचं घर कुणाच्या जमिनीवर होतं?

अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं, स्वतःच्या बालपणावर बेतलेलं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' लहानपणी वाचलेल्यांना बाबांचं फिडल (व्हायोलिन) आठवतं, ओंडक्यांचं घर आठवतं. मोठेपणी तेच पुस्तक हातात घेतलं की नजर घराखालच्या जमिनीवर जाते.

पुस्तक १९३५ सालचं, पण इंगल्स कुटुंब कॅन्ससला आलं ते १८६९ मध्ये. लॉरा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची. म्हणजे 'आठवणीं'तलं बरंचसं घरच्यांकडून ऐकलेलं. पुस्तकात घर इंडिपेंडन्स गावापासून ४० मैलांवर आहे; खरं अंतर सुमारे १३ मैल. त्या चुकीच्या हिशेबापायी लेखिका आणि तिची मुलगी रोझ पुढे घराची जागा शोधत पार ओक्लाहोमात गेल्या होत्या!

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळे; पाच वर्षं राहायचं, कसायचं, की ती आपली. इंगल्स जिथे उतरले ती जमीन मात्र या कायद्यात बसतच नव्हती. ती ओसेज या मूळ अमेरिकी जमातीची राखीव जमीन होती. सरकार आज ना उद्या त्यांना हलवणारच, या भरवशावर गोरी कुटुंबं आधीच तिथे घुसून बसली होती. ओसेज लोक बायसनच्या, म्हणजे अमेरिकी रानगव्यांच्या, शिकारीला गेले की त्यांचे तळ ओस पडत. पुस्तकात अशाच एका तळावर बाबा मुलींना घेऊन जातात. राखेजवळच्या धुळीत लॉरा आणि मेरीला निळे, लाल, पांढरे मणी सापडतात. घरी आल्यावर त्यांची माळ होते, ती तान्ह्या कॅरीसाठी. लॉराला आपले मणी द्यायचे नसतात. ते मुळात कुणाचे, हा प्रश्न तिथे कुणालाच पडत नाही.

१८७० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला. ओसेजांची जमीन एकरी सव्वा डॉलरने विकायला निघाली आणि त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. तिथली जमीनही त्यांनी स्वतःच्याच पैशांनी घेतली. पुस्तकातले बाबा सैनिक हुसकावतील म्हणून रागाने घर सोडतात. प्रत्यक्षात कुटुंब १८७१ मध्ये परतलं, कारण विस्कॉन्सिन राज्यातलं त्यांचं आधीचं घर विकत घेणाऱ्याला पैसे फेडता येईनात.

या प्रदेशात माणसं नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) राहत, अशा अर्थाची वाक्यं पुस्तकाच्या सुरुवातीलाच होती. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून त्यावर बोट ठेवलं. १९५३ च्या आवृत्तीत 'माणसं' जाऊन 'वसाहतवाले' आले. 'फक्त इंडियन राहत' हे पुढचं वाक्य होतं तसंच राहिलं.