काचेआड लपणारी दुचाकी

ट्रक किंवा बस पासिंगला नेण्याआधी ब्रेक, दिवे आणि टायर यांची डागडुजी आवर्जून केली जाते. पुढच्या काचेवर काय चिकटवले आहे आणि तिच्यासमोर काय टांगले आहे, याकडे मात्र तितक्या गांभीर्याने पाहिले जात नाही. ही गोष्ट मला फार खटकते, कारण रस्त्याचा किती भाग झाकला जाणार हे वस्तूच्या आकाराइतकेच ती डोळ्यांच्या किती जवळ आहे यावरही ठरते.

माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण 6.5 सेंटिमीटर अंतर असते. काचेवरची वस्तू याहून अरुंद असेल, तर एका डोळ्याला न दिसलेला दूरचा भाग दुसऱ्या डोळ्याला दिसतो. रुंदी त्यापुढे गेली की दोन्ही डोळ्यांना न दिसणारा पट्टा तयार होतो आणि तो अंतराबरोबर रुंदावत जातो. काचेच्या कडेचा खांब आणि त्याला लागूनच लावलेला मोबाइलचा स्टँड मिळून 13 सेंटिमीटर रुंदी झाली आणि ती चालकापासून 65 सेंटिमीटरवर असली, तर 20 मीटरवर सुमारे 2 मीटरचा पट्टा नाहीसा होतो. त्यात अख्खी दुचाकी मावते. तिठ्यावर आडव्या रस्त्याने येणारी दुचाकी आणि ट्रक यांचे वेग असे जुळले की दोघांमधला कोन बदलत नाही, तर ती दुचाकी जवळ येईपर्यंत त्याच आडोशामागे राहते. टक्कर होण्याच्या बेतात असलेल्या वाहनांमध्ये कोन नेमका असाच स्थिर राहतो, हे यातले सर्वांत गंभीर.

आरशाला टांगलेल्या हाराचा त्रास आणखी वेगळा आहे. दृष्टीच्या कडेला हालचाल चटकन जाणवते. तिथे सतत काहीतरी झुलत राहिले, तर रस्त्याकडेची खरी हालचाल त्यात हरवू शकते. देवाची मूर्ती डॅशबोर्डवर, वायपर पुसतात त्या भागाच्या खाली बसवता येते.

गोव्यातल्या साखळी-डिचोली भागात खनिजाची तांबडी धूळ काचेवर बसते. सूक्ष्म कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून फोंड्याहून पणजीकडे येताना मावळतीचे ऊन समोर आले की तीच काच पांढुरकी होते. काळ्या फिल्मचे गणित याहून सरळ आहे. नियमानुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. 70 टक्क्यांच्या काचेवर निम्मा प्रकाश अडवणारी फिल्म लावली, तर उरतात 35 टक्के. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली काचांवर अशी फिल्म लावण्यास मनाई केली.

अमेरिकेतील मालवाहू वाहनांच्या नियमांत कॅमेऱ्यासारख्या सुरक्षा उपकरणांसाठीही जागा मोजून दिलेली आहे: वायपर पुसतात त्या भागाच्या वरच्या कडेपासून 8.5 इंच किंवा खालच्या कडेपासून 7 इंच, तेही चालकाच्या दृष्टिरेषेबाहेर.

आपल्याकडे पासिंगआधी एक साधी तपासणी करता येईल. चालकाने नेहमीसारखे बसावे, क्लीनरने 20 मीटरवरून आडवे सावकाश चालत जावे आणि तो जिथे दिसेनासा होईल तिथे आड येणारी वस्तू काढून टाकावी. खांब काढता येत नाही. पण वरच्या उदाहरणात दृष्टिरेषेला आडवे डोके 10 सेंटिमीटर हलवले, तर 20 मीटरवरचा तो पट्टा सुमारे 3 मीटर सरकतो, म्हणजे त्यामागची दुचाकी उघडी पडते.